१२८ बाइट आणि एक राखाडी ठिपका : अटारीच्या प्रोग्रामरांची गोष्ट

नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना मी जितके 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' टाकतो, त्यातले निम्मे काढलेत. बाकीचे राहू दिलेत, नाहीतर तुम्ही म्हणाल हा कोण दुसराच लिहितोय.

सुरुवात सांगलीपासून. तिथे माझा मामा राहतो. मे महिन्यात दुपारी उन्हात कोणी बाहेर सोडायचं नाही, मग टीव्ही गेम निघायचा. दोन हजारच्या आगेमागे जन्मलेल्यांना आठवत असेल: प्लास्टिकचा डबा, वायरवाले दोन रिमोट आणि एक कॅसेट, जिच्यावर '९९९९ इन १' छापलेलं. आत खरे गेम दहा-बारा, तेच फिरून फिरून. चालली नाही की काढायची, फुंकायची, परत लावायची. एकदा मी मामेभावाला विचारलं, "दादा, हे गेम बनवतं कोण रे?" तो कॉन्ट्रा खेळत होता. मान वर न करता म्हणाला, "चायनावाले."

दादाचं उत्तर डब्यापुरतं ठीक होतं. आतले गेम मात्र बहुतेक जपानी कंपन्यांचे, निन्टेंडोच्या फॅमिकॉम मशीनसाठी लिहिलेले. कॅसेट भरणारे लोक पुष्कळदा पहिल्या स्क्रीनवरचं मूळ कंपनीचं नाव आणि साल पुसून टाकायचे. त्यामुळे 'कोणी बनवलं' याचं उत्तर आमच्या टीव्हीवर कुठेच नव्हतं.

हा प्रश्न पुन्हा आठवला तो माझ्या पहिल्या नोकरीत. कंपनीचं नाव घेत नाही. मी आणि एक सिनियर सहकारी, आम्ही दोघांनी चौदा महिने खपून एक मॉड्यूल लिहिलं होतं. बँकेकडून आलेले व्यवहार आणि आमच्या सिस्टिममधले व्यवहार जुळवून बघायचं काम. आता, ज्यांना कोडिंगशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी सांगतो: कोड ज्या वहीत ठेवतात, त्या वहीत कुठली ओळ कोणी कधी लिहिली हे नोंदलेलं असतं. क्लायंटच्या हवाली करताना ती सगळी नोंद एका झटक्यात सपाट केली गेली. 'इनिशियल कमिट', आणि लेखक म्हणून कुठल्यातरी सर्व्हिस अकाउंटचं नाव. ती सहकारी तोवर नोकरी सोडून गेली होती. मी मॅनेजरना विचारलं, तर ते म्हणाले, "अरे, पगार वेळेवर झाला ना? मग?"

मला तेव्हा काही बोलता आलं नाही. पण त्या काळात मी अटारीबद्दल जे मिळेल ते वाचत होतो आणि लक्षात आलं की हेच भांडण चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात होऊन गेलंय. तर आजचा विषय तो.

आधी मशीन समजून घेऊ, कारण मशीन कळल्याशिवाय ही माणसं काय करत होती ते कळणार नाही.

सप्टेंबर १९७७. अटारी कंपनीनं अमेरिकेत 'व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम' बाजारात आणली. पुढे तिलाच अटारी २६०० म्हणायला लागले. कॅसेट बदलून गेम बदलता येणारी ही पहिली मशीन नव्हे. फेअरचाइल्ड कंपनीची चॅनल एफ १९७६ मध्येच आली होती, आणि तिच्या टीमचे प्रमुख होते जेरी लॉसन. पण घरोघरी पोचली ती अटारी.

तिची रॅम होती १२८ बाइट. केबी नाही, नुसते बाइट. आता हे किती? आपल्या देवनागरीतलं एकेक चिन्ह फोनमध्ये साठवायला ३ बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी, सगळं वेगवेगळं मोजायचं. स्पेस आणि स्वल्पविराम एकेक बाइट. मी बसून मोजलं. 'आई मी आज उशिरा येतोय, जेवण झाकून ठेव, बाबांना सांग' हा मेसेज बरोबर १२८ बाइटचा आहे. शेवटी पूर्णविराम द्यायचा तर मशीन भरली. एवढ्या जागेत खेळाडू कुठे आहे, शत्रू कुठे आहेत, स्कोअर किती, लाइफ किती उरल्या, हे सगळं ठेवायचं.

कॅसेटमधली जागा २ किंवा ४ केबी. त्यात अख्खा प्रोग्राम, सगळी चित्रं, सगळे आवाज. प्रोसेसर सेकंदाला साधारण १२ लाख ठोके टाकणारा. पण खरी गंमत जागेची नाहीये. खरी गंमत अशी की या मशीनला चित्र आठवत नाही.

तुमच्या फोनमध्ये आत्ता स्क्रीनवर जे दिसतंय, त्याची पूर्ण प्रत मेमरीत कुठेतरी असते. प्रोग्राम ती प्रत बदलतो, डिस्प्ले ती दाखवतो. अटारीत तेवढी मेमरी महाग पडली असती, म्हणून ती प्रतच ठेवली नाही. जुना डबा टीव्ही कसा चालायचा? मागून एक इलेक्ट्रॉनचा किरण येतो, डावीकडून उजवीकडे एक ओळ रंगवतो, परत डावीकडे येतो, खालची ओळ रंगवतो. खाली पोचला की पुन्हा वर. अमेरिकी टीव्हीवर सेकंदाला ६० वेळा. आणि अटारीचा प्रोग्राम त्या किरणाबरोबर पळत असायचा. किरण ज्या ओळीवर आहे, फक्त त्या ओळीपुरतं चिपला सांगायचं: इथे भिंत, इथे माणूस, इथे गोळी. पुढच्या ओळीसाठी पुन्हा नव्यानं.

लग्नाच्या पंगतीत वाढायला उभे राहिलात असं समजा. फक्त इथे पंगत बसलेली नाही, पंगतच तुमच्यासमोरून सरकतेय. पान समोरून जाईपर्यंत जे वाढलं ते वाढलं. उशीर झाला तर भाजी पुढच्याच्या पानात.

एका ओळीला प्रोसेसरचे ७६ ठोके मिळायचे. एक साधी सूचना २ ते ७ ठोके खाते. म्हणजे एका ओळीत जेमतेम दहा-पंधरा गोष्टी बदलून होतात. चित्राच्या अशा १९२ ओळी. मग बाकीचा गेम कधी चालवायचा? किरण तळाशी पोचून पुन्हा वर जातो तो, आणि स्क्रीनच्या कडेबाहेर ज्या ओळी वाया जातात तो, असा मिळून साधारण ७० ओळींचा वेळ. टक्कर झाली का, कोण मेलं, स्कोअर वाढवा, शत्रूची पुढची चाल काय, सगळा विचार तेवढ्यात.

बरं, चित्र काढायला हातात काय? टीआयए नावाची चिप. हिच्या रचनेत जे मायनर यांचा मोठा वाटा, जे पुढे अमिगा कॉम्प्युटरमुळे ओळखले गेले. चिपकडे हलणाऱ्या पाच गोष्टी: दोन 'प्लेयर', दोन 'मिसाइल' आणि एक 'बॉल'. नावांवरूनच कळतं की समोर काय होतं. दोन रणगाडे एकमेकांवर गोळ्या झाडतात तो एक गेम, आणि पाँग दुसरा. एवढ्यासाठीच ती बनली होती. मागे पार्श्वभूमीसाठी २० ठोकळे, तेही अर्ध्याच स्क्रीनचे. उरलेल्या अर्ध्यात त्यांचीच नक्कल किंवा आरशातलं प्रतिबिंब. म्हणून त्या काळातले किल्ले आणि चक्रव्यूह डावीकडे-उजवीकडे सारखे दिसतात.

मी स्वतः हे करून बघितलं. आज यासाठी मशीन लागत नाही. स्टेला नावाचा फुकट एम्युलेटर आहे, डॅझम नावाचा असेंबलर आहे, आणि काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर ८बिटवर्कशॉप नावाच्या साइटवर ब्राउझरमध्येच अटारीचा कोड लिहून चालवता येतो. मी ठरवलं, पार्श्वभूमीच्या ठोकळ्यांनी स्क्रीनवर 'गम' लिहायचं. गमभनमधला. शिरोरेषा एका मिनिटात झाली, कारण शिरोरेषा म्हणजे काय, एका ओळीतले सगळे बिट चालू! माझी छाती फुगली. त्यानंतर अक्षर काढायला तीन संध्याकाळी गेल्या. ते २० ठोकळे तीन तुकड्यांत ठेवलेत: पहिला तुकडा उलट्या क्रमानं, दुसरा सुलट, तिसरा पुन्हा उलट. का? चिपची जोडणी तशी स्वस्तात होत होती म्हणून. माझा 'ग' आरशात बघितल्यासारखा यायचा. तो सरळ केला तर 'म' फिरायचा.

आणि एखादी गोष्ट स्क्रीनवर आडवी नेमकी कुठे ठेवायची, तर 'एक्स बरोबर ५०' असं लिहायची सोयच नाही. किरण त्या जागी पोचेल त्या क्षणी चिपला 'आत्ता!' म्हणायचं. म्हणजे जागा सांगायला घड्याळ वापरायचं. मी बीटेक केलंय, आठ सेमिस्टर दिलीत, पण टायमिंग म्हणजे काय हे मला त्या रात्री कळलं.

आता पोर्टिंगकडे येऊ. पोर्टिंग म्हणजे एका मशीनवरचा गेम दुसऱ्या मशीनवर आणणं. हल्ली बऱ्याचदा कोडचा मोठा भाग तसाच उचलता येतो. तेव्हा तसं नव्हतं. आर्केडमधलं मशीन वेगळं, त्याचा प्रोसेसर वेगळा, त्याला चित्र ठेवायला मेमरी होती. अटारीवर आणणारा प्रोग्रामर पुष्कळदा तो गेम खेळून, बघून, पुन्हा शून्यातून लिहायचा.

स्पेस इन्व्हेडर्स घ्या. जपानच्या तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये बनवलेला. परग्रहावरच्या प्राण्यांच्या ५ रांगा, एकेका रांगेत ११, एकूण ५५. आणि अटारीकडे हलणारे प्लेयर दोन! हे पोर्ट केलं रिक मॉरर यांनी, आणि ते १९८० मध्ये आलं. चिपमध्ये एक सोय होती. एका प्लेयरच्या शेजारी-शेजारी तीन प्रती छापता यायच्या. दोन प्लेयर गुणिले तीन, झाले सहा. रांग संपली की खालच्या ओळीपासून त्याच दोघांना नवं रूप द्यायचं, पुन्हा सहा. अशा सहा रांगा, ३६ प्राणी. ५५ चे ३६ झाले, पण खेळताना कोणी मोजत बसत नाही. घरी स्पेस इन्व्हेडर्स खेळायला मिळतो म्हणून लोकांनी अटारी मशीन विकत घेतली. आर्केड गेमचा रीतसर परवाना घेऊन घरच्या मशीनवर आणलेला हा पहिला मोठा गेम. मॉरर यांचं नाव ना खोक्यावर, ना स्क्रीनवर.

इथेच मूळ दुखणं आहे. अटारीत तेव्हा एक गेम म्हणजे एक माणूस. कल्पना त्याची, चित्रं त्याची, आवाज त्याचे, कोड त्याचा. आणि कंपनीचं धोरण असं की नाव द्यायचं नाही. नाव झालं की माणूस पगार वाढवून मागतो, किंवा दुसरी कंपनी पळवते, ही त्यामागची भीती.

वॉरन रॉबिनेट नावाचा तरुण प्रोग्रामर तिथे होता. त्यानं मोठ्या कॉम्प्युटरवर 'कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर' हा गेम बघितला. विल क्राउदर आणि डॉन वुड्स यांचा. त्यात चित्र नाही, नुसता मजकूर. 'उत्तरेला जा', 'दिवा उचल' असं टाइप करायचं. रॉबिनेटच्या डोक्यात आलं, हा अटारीवर आणू. अटारीला कीबोर्ड नाही, आणि मूळ गेमला जी मेमरी लागायची तिच्यापुढे ४ केबी म्हणजे चिमूटभर. साहेबांनी सांगितलं, होणार नाही, वेळ घालवू नकोस. त्यानं तरीही केलं. खोलीचं वर्णन होतं तिथे खोलीचं चित्र आलं. 'उत्तरेला जा'ऐवजी जॉयस्टिक वर. वस्तू उचलायची म्हणजे तिला जाऊन चिकटायचं, आणि एका वेळी एकच. हे आपल्याला आज इतकं साधं वाटतं की यात कोणी काही शोधलं असेल असं डोक्यातच येत नाही. किल्ले, तीन ड्रॅगन, आणि एक आगाऊ वटवाघूळ, जे तुम्ही बघत नसतानाही दुसऱ्या खोल्यांमधल्या वस्तू पळवून इकडच्या तिकडे करतं. सगळं ४ केबीत. गेमचं नाव 'ॲडव्हेंचर'.

आणि त्यानं कोणाला न सांगता आत एक जास्तीची खोली बांधली. काळ्या किल्ल्याच्या आतल्या चक्रव्यूहात एक ठिपका आहे, एका बिंदूएवढा, पार्श्वभूमीच्याच राखाडी रंगाचा. दिसत नाही, चुकून चिकटला तरच कळतं. तो उचलून एका ठराविक जागी आणला की भिंतीतून पलीकडे जाता येतं. पलीकडच्या खोलीत मधोमध, रंग बदलत, उभी अक्षरं: 'क्रिएटेड बाय वॉरन रॉबिनेट'.

१९८० मध्ये गेम बाजारात गेला आणि सॉल्ट लेक सिटीच्या एका शाळकरी मुलाचं अटारीला पत्र आलं की मला ही खोली सापडली. तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता. आता काय करायचं? चिपमध्ये कोरलेला कोड बदलायचा तर खर्च मोठा. स्टीव्ह राइट नावाचे अधिकारी म्हणाले, राहू दे, उलट आपण प्रत्येक गेममध्ये असं काहीतरी लपवू, ईस्टरला मुलं लपवलेली अंडी शोधतात तसं. 'ईस्टर एग' हा शब्द गेमच्या दुनियेत असा आला. अशी लपवलेली सही सगळ्यात आधी रॉबिनेटनंच केली असं मात्र नाही. चॅनल एफच्या १९७८ च्या 'व्हिडिओ व्हिझबॉल'मध्येही प्रोग्रामरचं नाव दडलेलं सापडलंय. प्रसिद्ध झाली ती रॉबिनेटची.

हे आजच्या गेमर पोरांना सांगितलं की म्हणतात, 'किती क्यूट!' मला ते क्यूट वाटत नाही. एका माणसाला स्वतःच्या कामावर नाव घालायला चोरवाट काढावी लागली. बाइट-बाइट वाचवत असताना त्यानं त्यातले काही नावासाठी बाजूला ठेवले.

तिकडे १९७९ मध्ये अटारीच्या मार्केटिंगवाल्यांनी एक कागद वाटला: कुठल्या गेमची विक्री किती. हेतू सरळ होता, जे खपतं तसं अजून बनवा. चार प्रोग्रामरांनी तो कागद घेऊन आकडेमोड केली. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड. त्यांच्या हिशेबानं, कॅसेटच्या साधारण १० कोटी डॉलरच्या विक्रीतला ६० टक्के वाटा या चौघांनी लिहिलेल्या गेमचा. पगार वर्षाला वीस-तीस हजार डॉलर. ते अटारीचे प्रमुख रे कासार यांच्याकडे गेले. कासार कापड उद्योगातून आलेले. क्रेन यांनी पुढे अनेकदा सांगितलंय त्याप्रमाणे उत्तराचा मतितार्थ असा: गेममध्ये तुमचं महत्त्व जेवढं, तेवढंच कॅसेट जोडणाऱ्या कामगाराचं.

कॅसेट जोडणाऱ्या कामगाराला कमी लेखायचं कारण नाही, त्यालाही योग्य पैसे मिळायला हवेतच. पण वाक्याचा रोख तो नव्हता, हे तुम्हालाही कळतंय.

चौघं बाहेर पडले आणि संगीत व्यवसायातल्या जिम लेव्ही यांच्यासोबत ॲक्टिव्हिजन कंपनी काढली. हो, तीच, जिचं नाव तुम्ही कॉल ऑफ ड्युटी उघडताना बघता. त्याआधी मशीन ज्या कंपनीची, गेमही तिचेच असायचे. बाहेरच्या कोणी आपल्या मशीनसाठी कॅसेट विकावी हे अटारीला मान्य नव्हतं, त्यांनी कोर्टात खेचलं. १९८२ मध्ये तडजोड झाली आणि इतरांसाठी रस्ता मोकळा झाला. ॲक्टिव्हिजननं पहिल्यापासून एक गोष्ट केली. गेमसोबतच्या पुस्तिकेत प्रोग्रामरचं नाव, फोटो, आणि खेळाडूंना त्याच्याकडून चार युक्तीच्या गोष्टी. संगीतवाले कॅसेटवर गायकाचं नाव घालतात ना, तसंच.

क्रेनचा १९८२ चा 'पिटफॉल' माझा यातला सगळ्यात आवडता. जंगलात पळणारा माणूस, मगरी, विंचू, वेलीला लटकून खड्डा ओलांडणं. यात २५५ स्क्रीन आहेत, आणि गेम ४ केबीचा. २५५ स्क्रीनचा नकाशा साठवायचा तर जागा तिथेच संपली. क्रेननं नकाशा साठवलाच नाही. आठ बिटांचा एक आकडा घेतला. त्याचे काही बिट निवडून एक साधं गणित करायचं, सगळे बिट एक घर सरकवायचे, निघालेला नवा बिट रिकाम्या घरात टाकायचा. हे गणित नीट निवडलं तर आकडा एकदाही पुनरावृत्ती न होता २५५ वेगवेगळी रूपं घेतो आणि मग पहिल्यावर येतो. २५६ नाही, कारण सगळे शून्य झाले तर पुढे शून्यच राहतं, तो एक वगळावा लागतो. त्या आकड्यातले काही बिट सांगतात खड्डा कसला, काही सांगतात समोर विंचू की ओंडका, काही सांगतात मागे झाडं कशी. आणि हे गणित उलटंही चालवता येतं, म्हणून तुम्ही डावीकडे परत गेलात तर मघाचीच स्क्रीन येते. माइनक्राफ्टमध्ये सीड टाकून जग तयार होतं, त्याच जातीची ही कल्पना.

कॅरोल शॉ यांनी याच धर्तीचं गणित वापरून ॲक्टिव्हिजनच्याच 'रिव्हर रेड'मधली नदी वाहती ठेवली. बेट, अरुंद पात्र, पूल, काहीही साठवलेलं नाही, सगळं त्या त्या वेळी तयार होतं, आणि तरी दर वेळी तीच नदी. शॉ बर्कलीत शिकल्या, १९७८ मध्ये अटारीत आल्या. या धंद्यातल्या अगदी सुरुवातीच्या स्त्री प्रोग्रामरांपैकी एक. रिव्हर रेड त्या मशीनवरच्या सर्वोत्तम गेमपैकी आहे हे माझं मत, वाद घालायचा तर आधी खेळून या.

आता ज्या पोर्टची सगळ्यात जास्त बदनामी झाली, त्याकडे. पॅक-मॅन. आर्केडवरचा मूळ गेम नामको कंपनीचा, तोरू इवातानी यांचा, १९८० चा. अटारीवर आणायचं काम टॉड फ्राय यांच्याकडे. कॅसेट ४ केबीचीच. पॅक-मॅन अधिक चार भुतं म्हणजे पाच जण, आणि स्पेस इन्व्हेडर्ससारखी प्रतींची युक्ती चालणार नाही, कारण भुतं रांगेत उभी राहत नाहीत, चौघं चार दिशांना. तुम्ही लक्ष्मण देशपांडे यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' बघितलं असेल. एकच नट, बावन्न पात्रं. ते शक्य होतं कारण कुठल्याही क्षणी तो एकच असतो. फ्राय यांनी तेच केलं. चारही भुतांना एकच नट दिला. या फ्रेमला पहिलं भूत, पुढच्या फ्रेमला दुसरं. म्हणजे प्रत्येक भूत चारातल्या एकाच फ्रेमला दिसणार. परिणाम असा की भुतं लुकलुकतात. मार्च १९८२ मध्ये गेम आला, ७० लाखांच्या वर खपला, आणि लोकांनी शिव्या घातल्या. लुकलुकणारी भुतं, ठिपक्यांच्या जागी आडव्या चौकटी, आवाज वेगळेच.

मग ८ केबीची 'मिस पॅक-मॅन' आली. तिच्या टीमनं विचार केला की दोन भुतं वेगवेगळ्या उंचीवर असतील तर लुकलुकायची गरजच नाही, वरचं काढून झालं की तोच नट खाली वापरता येतो. एकाच ओळीवर गर्दी झाली तरच आळीपाळीनं दाखवायचं. मशीन तेच, आणि गेम कितीतरी छान. यावरून फ्राय यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण जागा दुप्पट होती आणि आधीचं पोर्ट समोर होतं, हे विसरू नये. मला दुसऱ्याचा जुना कोड वाचून 'हे कोणी लिहिलंय रे' म्हणायची सवय होती, ती बरीच कमी झालीये.

आणि ऐका, ॲक्टिव्हिजनवाले निघून गेल्यावर अटारीला जाग आली होती. प्रोग्रामरांना कॅसेटमागे बोनस सुरू झाला. पॅक-मॅनवर तो कॅसेटमागे १० सेंट होता असं सांगतात. ७० लाख गुणिले १० सेंट, तुम्हीच करा हिशेब. चौघांनी जे मागितलं होतं ते त्यांच्या मागे राहिलेल्यांना मिळालं.

शेवटचे, हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ. त्यांना आर्केडचा 'स्टार कॅसल' पोर्ट करायला दिला होता. काही दिवस झटल्यावर ते म्हणाले, या मशीनवर हा नीट होणार नाही, त्यातला गाभा घेऊन मी वेगळा गेम करतो. त्यातून 'यार्स रिव्हेंज' झाला. त्यात मधोमध रंगीबेरंगी, सळसळणारा एक पट्टा आहे. तो काढायला वेगळं चित्र ठेवलेलंच नाही. गेमचा स्वतःचा कोड, जसाच्या तसा, रंग म्हणून स्क्रीनवर ओततात. खेळताना तुम्ही प्रोग्रामच बघत असता! आणि 'यार' म्हणजे आपला हिंदीतला यार नाही. 'रे' उलटा लिहिला. साहेबांचं नाव.

याच वॉर्शॉंना जुलै १९८२ च्या शेवटी फोन आला की 'ई.टी.' सिनेमाचा गेम नाताळसाठी हवा, हातात पाच आठवडे. एरवी एका गेमला सहा-सात महिने जायचे. ते हो म्हणाले, घरीसुद्धा मशीन बसवून घेतली, आणि गेम वेळेत दिला. तो आपटला. १९८३ मध्ये अमेरिकेतला अख्खा व्हिडिओ गेम धंदाच बसला, आणि अटारीनं न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्दो गावच्या कचरा डेपोत ट्रक भरभरून माल पुरला. एप्रिल २०१४ मध्ये ते उकरलं तेव्हा ई.टी.च्या कॅसेट निघाल्या, आणि बघायला वॉर्शॉ स्वतः हजर होते. पुढे ते मानसोपचार करणारे थेरपिस्ट झाले. धंदा एका गेममुळे बुडाला नव्हता, दुकानांत वाटेल तो माल भरला होता, पण नाव यांचंच पुढे केलं गेलं. नाव न देणारी इंडस्ट्री, दोष द्यायची वेळ आली तेव्हा बरोबर नाव काढते.

हा एपिसोड रेकॉर्ड करायच्या आधी मी त्या जुन्या सहकारीला फोन केला. आता ती बेंगळुरूला असते. तिला 'इनिशियल कमिट'बद्दल सांगितलं, तिला माहितीच नव्हतं. थोडा वेळ गप्प राहिली. मग हसायला लागली. म्हणाली, "अरे, टेस्ट डेटा बघितलास का कधी नीट? त्यातली सातव्या नंबरची खातेदार?" मी म्हटलं, एक कुठलंतरी जुन्या वळणाचं नाव आहे, वेंगुर्ल्याचा पत्ता. "ती माझी आजी," ती म्हणाली. "तिचं कधी बँकेत खातं नव्हतं. म्हटलं, एक उघडून देऊ."

हिस्ट्री सपाट केली तरी फाइल तशाच गेल्या होत्या. दर रात्री टेस्ट चालतात तेव्हा वेंगुर्ल्याच्या आजींच्या खात्यात ५०० रुपये जमा होतात आणि जुळतात.

तुम्ही तुमच्या कामात, प्रोजेक्टमध्ये, अगदी कॉलेजच्या मिनी प्रोजेक्टमध्ये असं काही लपवलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगायचं नसेल तर नका सांगू. पुढच्या वेळी मोबाइलवरचा स्नेक कसा चालायचा ते बघू. चला, भेटू.